लोखंडाच्या पोटातली चुणी

बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंगची तार घ्या. मऊ असते, बोटांनी सहज वाकते. वाकवलीत? आता तीच जागा पुन्हा सरळ करून बघा. होणार नाही! वाकलेला भाग कुबड काढून तसाच राहतो आणि त्याच्या शेजारची तार वाकते. तुम्ही तारेत काही मिसळलं नाहीत, तिला भट्टीत घातलं नाहीत, तरी वाकलेली जागा आधीपेक्षा कणखर झाली.

हे का होतं, याचं उत्तर मिळायला १९३४ साल उजाडावं लागलं. त्या आधी हजारो वर्षं माणूस लोखंड ठोकत होता, वाकवत होता, त्याला पाणी पाजत होता. पोलादाच्या ताकदीचं श्रेय आपण निकेल, क्रोमियम, मँगनीज अशा भारदस्त नावांना देऊन मोकळे होतो. पण नुसतं मिसळून भागत नाही. लोखंडाच्या अणूंच्या रचनेत जिथे खोट असते, तिथे हे पाहुणे जाऊन बसतात आणि मग खरी करामत सुरू होते. या लेखातल्या गोष्टी त्या खोटींच्या आणि त्या पाहुण्यांच्या आहेत.

सतरंजी ओढू नका, चुणी ढकला

लोखंडाचे अणू कवायतीतल्या मुलांसारखे रांगेत उभे असतात. धातू वाकतो तेव्हा अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ साली गणित मांडलं, की आख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल. आकडा प्रचंड आला. प्रत्यक्षात धातूचे स्फटिक त्याच्या शेकडो, कधी हजारो पट कमी जोरात वाकत होते. गणित बरोबर होतं. धातू तसा वागतच नव्हता.

मांडवातली लांबलचक सतरंजी आठवा. एका टोकाला धरून ओढली तर जागची हलत नाही. पण तिच्यात एक चुणी पाडली आणि ती पायाने ढकलत पलीकडच्या टोकाला नेली, तर सतरंजी चुणीभर पुढे सरकलेली असते आणि कुणाला दमही लागत नाही. धातूतही अशीच चुणी असते. अणूंचा एक अर्धवट थर मध्येच घुसलेला असतो, त्याच्या कडेला रांग बिघडते आणि ती बिघडलेली रेषा एकेक पाऊल पुढे सरकत जाते. शास्त्रात तिला डिसलोकेशन म्हणतात. मला मात्र चुणीच आवडते.

ही कल्पना १९३४ साली तिघांना स्वतंत्रपणे सुचली: इंग्लंडचे जी. आय. टेलर आणि मूळचे बुडापेस्टचे मायकेल पोलान्यी व एगॉन ओरोवान. टेलर यांना बोटींचा नाद होता. त्याच सुमारास त्यांनी बोटीचा एक नव्या धाटणीचा, हलका तरी घट्ट रुतणारा नांगर तयार केला होता, आणि तो आजही वापरात आहे. एकच माणूस समुद्रात बोट अडवण्याचा आणि धातूत चुणी सरकण्याचा विचार एकाच वेळी करत होता!

चुणी हलली की धातू वाकतो, चुणी अडली की धातू अडतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मग चुण्याच काढून टाकल्या तर?

सोपा उपाय वाटतो, आणि तो करूनही पाहिला गेला. अमेरिकेत एस. एस. ब्रेनर यांनी १९५६ साली केसापेक्षा कितीतरी बारीक, जवळपास निर्दोष असे लोखंडाचे तंतू ताणून बघितले. त्यांतल्या सर्वोत्तम तंतूने सुमारे १३ गिगापास्कल ताण सोसला. म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १३० टन! आपलं साधं मऊ पोलाद २५० मेगापास्कलला, म्हणजे अडीच टनांना, मान टाकतं.

पण असा निर्दोष तंतू काही मायक्रॉन जाडीचाच मिळतो. पुलाची तुळई तशी बनत नाही. म्हणून उद्योगाने बरोबर उलटी वाट धरली: चुण्या इतक्या वाढवा की त्या एकमेकींतच अडकतील, आणि ज्या सुटतील त्यांच्या वाटेत परके अणू बसवा.

एका फाशात चंद्राची फेरी

चुण्या किती वाढतात? पाणी पाजून कडक केलेल्या पोलादाचा ल्युडोच्या फाशाएवढा, म्हणजे एक घन सेंटिमीटरचा तुकडा घ्या. वजन जेमतेम आठ ग्रॅम. त्याच्या आतल्या सगळ्या चुण्या सोडवून एकापुढे एक जोडल्या, तर लांबी दहा लाख किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. चंद्र इथून ३ लाख ८४ हजार किलोमीटर. जाऊन, येऊन, वर पुष्कळ धागा उरला!

वाकवलेल्या बाइंडिंगच्या तारेत छोट्या प्रमाणावर हेच झालं. वाकवताना नव्या चुण्या जन्मल्या, जुन्यांत गुंतल्या आणि मांजाच्या गुंत्यासारखा प्रकार झाला. गुंता हलत नाही, म्हणून तार हलत नाही.

घर बांधणाऱ्या जुन्या मंडळींना टॉरची सळई आठवत असेल, दोरखंडासारखा पीळ असलेली. तो पीळ नुसता सिमेंट धरून ठेवण्यासाठी नव्हता. थंड सळई पिळून तिच्या पोटात चुण्यांचा गुंता करायचा आणि ताकद वाढवायची, ही त्यातली युक्ती होती. महागड्या धातूंची भर न घालता!

कार्बनला खिडकीची जागा

आता पाहुण्यांकडे वळू. पहिला मान कार्बनचा.

लोखंडाच्या अणूंमधल्या फटी कार्बनच्या मानाने फारच अरुंद असतात. तिथे कार्बन बसतो तो गर्दीच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसावं तसा: शेजाऱ्यांना ढकलून, अंग चोरून. चुणीच्या कडेला मात्र रचना ताणलेली असते, तिथे जरा ऐसपैस जागा मिळते. साहजिकच कार्बन तिकडे सरकतो आणि हळूहळू चुणीभोवती कार्बनच्या अणूंचा घोळका जमतो. ॲलन कॉट्रेल आणि ब्रूस बिल्बी यांनी १९४९ साली हा सिद्धांत मांडला. या घोळक्याला आज कॉट्रेलचं वातावरण म्हणतात, आणि हे नाव अगदी चपखल आहे, कारण पृथ्वीभोवती हवा असावी तसाच तो चुणीला वेढून असतो.

घोळका जमला की चुणी रुतली. तिला सोडवायला जास्त जोर लावावा लागतो. एकदा ती घोळक्यातून निसटली की मात्र सुसाट पळते. म्हणूनच मऊ पोलादाचा तुकडा यंत्रात ताणला की आधी काटा वर चढतो आणि मग एकदम खाली येतो. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत ही गचकी पाहिलेली असते. त्या काट्याला खाली आणणारे असतात कार्बनपासून सुटलेल्या चुण्यांचे थवे.

आणि कार्बन किती चंचल! आपल्या खोलीच्या तापमानाला लोखंडातला कार्बनचा अणू साधारण दर सेकंदाला एक उडी मारून एका फटीतून शेजारच्या फटीत जातो. तुमच्या टेबलाच्या पोलादी पायात हे आत्ता चाललं आहे. लोखंडाचे स्वतःचे अणू मात्र या तापमानाला जवळजवळ जागचे हलत नाहीत.

रंग भाजताना गाडी कणखर होते

या चंचलपणाचा फायदा गाड्या बनवणाऱ्यांनी फार सुंदर करून घेतला आहे. दरवाजा किंवा बॉनेटचा पत्रा दाबताना मऊ हवा, नाहीतर आकार घेताना फाटेल. गाडी रस्त्यावर आली की तोच पत्रा कडक हवा, नाहीतर कुणी टेकलं तरी पोचा पडेल. मऊही हवा आणि कडकही!

यावरची युक्ती पेंटशॉपच्या भट्टीत आहे. पत्र्यात मोजका, अगदी चिमटीएवढा कार्बन मोकळा ठेवतात. प्रेसमध्ये दाबताना नव्या चुण्या तयार होतात. मग रंग सुकवायला गाडी साधारण १७० अंशांच्या भट्टीत वीसेक मिनिटं राहते, आणि तेवढ्यात कार्बन पळत जाऊन त्या नव्या चुण्यांना धरतो. पत्र्याची ताकद ३० ते ६० मेगापास्कलने वाढते. वेगळी भट्टी नाही, वेगळा खर्च नाही. चाकणच्या पट्ट्यात पेंटशॉपमध्ये काम करणाऱ्या कुणी हे वाचत असेल, तर सांगायला हवं: तुमच्या भट्टीत रंग तर पक्का होतोच, असा पत्रा असेल तर तोही पक्का होतो.

एक टक्का घातला तर किती?

मऊ लोखंडात, बाकी काही न बदलता, नुसतं विरघळवलेल्या मूलद्रव्याचा हिशेब धातुशास्त्राच्या पुस्तकांत मिळतो. दर एक टक्क्यामागे मँगनीज साधारण ३२ मेगापास्कल देतं आणि सिलिकॉन ८३. बदनाम फॉस्फरस तब्बल ६८० च्या आसपास. कार्बन आणि नायट्रोजनचा दर पाच हजारांच्या वर जातो. (थंड लोखंडात एक टक्का कार्बन विरघळत नाही, तो शंभरावा भागही जेमतेम मावतो, हा नुसता दर समजा.)

आणि निकेल? जवळपास शून्य! क्रोमियम तर किंचित उणे, म्हणजे मऊच करतं. मोठ्या नावांची ही अवस्था का? निकेल आणि क्रोमियमचे अणू आकाराने लोखंडाच्या इतके जवळचे आहेत की ते रांगेत बेमालूम मिसळून जातात. चुणीला ते जाणवतच नाहीत. कार्बन फटीत घुसून शेजाऱ्यांना एकाच दिशेने ढकलतो, म्हणून चुणीला त्याची ठेच लागते. निकेल-क्रोमियमचे उपयोग वेगळे आणि मोठे आहेत, पण नुसतं विरघळून ताकद वाढवणं हा त्यांतला नाही. एक उपयोग पुढे येतोच आहे.

कोयत्याला पाणी का पाजतात

लोहार कोयता लालबुंद तापवतो आणि पाण्यात बुडवतो, तेव्हा आत काय घडतं? ९१२ अंशांच्या वर शुद्ध लोखंडाची रचनाच बदलते. कार्बन असेल तर त्याहून खालीही. या तापलेल्या रचनेत अणू जास्त दाटीने बसतात आणि तरीही कार्बनला जास्त जागा मिळते! हे विचित्र वाटतं, पण ट्रंकेत कपडे भरणाऱ्या कुणालाही पटेल. एकूण मोकळी जागा कमी असली तरी ती विखुरलेली न राहता मोजक्या मोठ्या कोनाड्यांत एकत्र आली, की जास्त सामान मावतं. गरम लोखंडात वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत कार्बन मावतो; थंड लोखंडात ०.०२ टक्के म्हणजे डोक्यावरून पाणी.

पाण्यात बुडवताच लोखंड थंड रचनेकडे धाव घेतं. कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो जागीच अडकतो, रचना एका बाजूला ताणली जाते आणि त्या धक्क्याने चुण्यांचं जंगल उभं राहतं. हेच मार्टेन्साइट, जर्मन धातुतज्ज्ञ ॲडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावाने ओळखलं जाणारं. ते कडक तर असतंच, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून जाणता लोहार कोयत्याला पुन्हा हलका ताव देतो, म्हणजे थोडा कार्बन सुटतो आणि पातं तुटत नाही. अणूचं नावही न ऐकलेल्या माणसांनी धातूच्या रंगावरून हे तापमान ओळखलं, याचं मला दर वेळी नवल वाटतं आणि त्यांच्यापुढे मान लवते.

त्याच लोहाराला आणखी एक गोष्ट ठाऊक असते: लोखंड निळसर रंगावर असताना ठोकू नये. २०० ते ३०० अंशांच्या त्या टप्प्यात कार्बन आणि नायट्रोजन इतके चपळ होतात की पळणाऱ्या चुणीला धावत गाठतात आणि पुन्हा पुन्हा धरतात. लोखंडाची वाकण्याची ऐपत कमी होते आणि ते तडकतं.

टनाला तीनशे ग्रॅम

पोलादाचा कोणताही तुकडा एकसंध दिसला तरी आत असंख्य स्फटिककण असतात आणि दोन कणांच्या मध्ये सीमा असते, दोन शेतांमधल्या बांधासारखी. एका शेतातली चुणी बांधाशी येऊन थांबते, कारण पलीकडच्या रांगांची दिशाच वेगळी. शेतं जितकी लहान तितके बांध जास्त, तितकं पोलाद मजबूत. ई. ओ. हॉल यांनी १९५१ साली आणि एन. जे. पेच यांनी १९५३ साली याचं सूत्र दिलं. एरवी ताकद वाढली की ठिसूळपणा वाढतो. कण बारीक केले तर ताकद आणि चिवटपणा दोन्ही वाढतात. असा सौदा धातूच्या दुनियेत दुसरा नाही.

अडचण एकच: तापवलं की बांध फुटतात, छोटी शेतं मोठ्या शेतांत जातात. इथे नायोबियम येतं. टनभर पोलादात जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के! ते कार्बन-नायट्रोजनशी जोडी जमवून अतिसूक्ष्म कण बनवतं, ते कण बांधाला आणि चुण्यांना खिळ्यासारखे ठोकून बसतात आणि गरम लाटतानाही स्फटिककण बारीक राहतात. तेलाच्या लांब वाहिन्या, पूल, ट्रकच्या चासी या चिमटीभर मसाल्यावर उभ्या आहेत. जगातलं बहुतेक नायोबियम एकट्या ब्राझीलमधून येतं. नाव ग्रीक कथेतल्या नायोबीचं. तिचा बाप टँटलस, आणि टँटलम हे नायोबियमचं जुळं म्हणावं असं मूलद्रव्य.

देवीच्या नावाचं व्हॅनेडियमही याच घराण्यातलं, नॉर्स देवी व्हॅनाडिसवरून. हेन्री फोर्ड यांनी १९०८ च्या मॉडेल टी गाडीत व्हॅनेडियम पोलाद वापरलं आणि त्याची जोरदार जाहिरात केली.

वालचंदनगरचं नळकांडं

आता ते राहिलेलं निकेल. इंदापूर तालुक्यात, उसाच्या शेतांमध्ये वसलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची २.८ मीटर व्यासाची नळकांडी बनली आहेत. पोलाद असतं मॅरेजिंग जातीचं: १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम, थोडं टायटॅनियम. कार्बन मात्र जवळजवळ हद्दपार! पोलाद म्हणजे लोखंड अधिक कार्बन, हे शाळेतलं समीकरण इथे मोडतं.

गंमत क्रमात आहे. आधी मार्टेन्साइट बनवतात. कार्बन नसल्याने ते बऱ्यापैकी मऊ असतं. लाटता येतं, कापता येतं, वेल्डिंग करता येतं. पण त्याच्या पोटात चुण्या खच्चून भरलेल्या असतात. मग सगळं ४८० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. निकेल, टायटॅनियम, मॉलिब्डेनमचे अणू चुण्यांच्या जागी जमतात आणि तिथेच काही नॅनोमीटरचे खडे तयार होतात. चुणीच खड्याला जन्म देते आणि खडा चुणीला अडवतो. सरकू पाहणाऱ्या चुणीला एकतर खडा कापावा लागतो, नाहीतर त्याला वळसा घालावा लागतो. भट्टीत जास्त वेळ राहिलं तर मात्र बिघडतं. खडे मोठे आणि विरळ होतात, चुणीला मधून वाट मिळते.

या पोलादाचं नाव एम-२५०. त्यातला आकडा म्हणजे चौरस इंचाला अडीच लाख पौंड, सुमारे १,७०० मेगापास्कल. चंद्राकडे पहिलं चांद्रयान पीएसएलव्हीनेच नेलं, २००८ साली. चांद्रयान-३ ला २०२३ मध्ये उचलणाऱ्या एलव्हीएम-३ च्या बाजूच्या दोन्ही बूस्टरांची कवचंही मॅरेजिंग पोलादाचीच होती.

तंबोऱ्याची तार, पुलाची तार

मिरजेच्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा पोलादी असतात. अशी तार छिद्रातून पुन्हा पुन्हा ओढून बारीक करतात, तशी आतली लोखंड आणि कार्बाइडच्या पापुद्र्यांची रचना चेपत जाते, कार्बाइड फुटतो आणि सुटा कार्बन सूक्ष्म सीमांवर जाऊन बसतो. याच मार्गाची कमाल हद्द संशोधकांनी २०१४ साली दाखवली: सुमारे ७ गिगापास्कल. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेवर सातशे किलो. गोठ्यातली दांडगी म्हैस!

जपानचा आकाशी काइक्यो पूल १९९८ साली खुला झाला, मधला गाळा १,९९१ मीटर. त्याच्या दोरांसाठी १,८०० मेगापास्कलची तार हवी होती, पण गंजू नये म्हणून ती वितळलेल्या जस्तात बुडवताना नरम पडत होती. सिलिकॉन थोडं वाढवलं आणि पापुद्रे त्या उष्णतेतही टिकले.

नको असलेले पाहुणे

खोटीच्या जागा सगळ्यांनाच खुल्या, वाईट पाहुण्यांनाही. फॉस्फरस कणांच्या सीमांवर जमून बांधच कमकुवत करतो. इंग्लंडच्या हिंकली पॉइंट ए वीजकेंद्रात १९६९ साली टर्बाइनची चकती फुटली, त्यात या ठिसूळपणाचा हात होता. थोडं मॉलिब्डेनम घातलं तर हा त्रास आटोक्यात येतो.

हायड्रोजन सगळ्यांत चिमुकला आणि सगळ्यांत धोकादायक. डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ साली आम्लात बुडवलेली लोखंडी तार वाकवली; ती तुटली आणि तुटल्या जागेतून हायड्रोजनचे बुडबुडे निघाले. तोच हायड्रोजन चुण्यांवर आणि सीमांवर बसलेला प्रत्यक्ष दिसला तो २०२० मध्ये, सिडनीच्या संशोधकांना. त्यांनी धातू अतिथंड करून हायड्रोजनला पळू दिलं नाही. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: नायोबियम कार्बाइडचे कण हायड्रोजनला पकडून ठेवतात. उद्या हायड्रोजनवर गाड्या आणि कारखाने चालवायचे असतील, तर टाक्या आणि नळांसाठी ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे.

पहिल्यांदा अणू पाहणारा भारतीय

हे सगळं डोळ्यांनी दिसलं कधी? ११ ऑक्टोबर १९५५ रोजी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे सुटे अणू पाहिले. माणसाला दिसलेले ते पहिले अणू. बहादूर यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं! पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये पीटर हर्श आणि सहकाऱ्यांनी पातळ ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यात चुण्या चालताना पाहिल्या, कल्पना सुचल्यानंतर बावीस वर्षांनी. आणि कॉट्रेल यांनी सांगितलेला तो घोळका एकेक अणू मोजून उभा करायला १९९९ साल यावं लागलं: फ्रान्समध्ये रुआँच्या चमूने लोह-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत चुणीभोवती जमलेलं बोरॉन दाखवलं.

आज रात्री करून बघा

चांगल्या स्टेनलेस स्टीलचा खोल डबा किंवा स्वयंपाकघरातलं सिंक शोधा, ज्याच्या सपाट तळाला चुंबक चिकटत नाही. जुन्या स्पीकरमधला चुंबक उत्तम. आता तोच चुंबक डब्याच्या वळलेल्या काठाला किंवा सिंकच्या गोलाईच्या कोपऱ्याला लावा. बऱ्याचदा तिथे हलकी ओढ जाणवेल. पत्रा खोल दाबताना त्या जागी थर सरकले आणि जिथे दोषांच्या पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे थोडं मार्टेन्साइट तयार झालं. चुंबकाला ते ओढतं. निकेल भरपूर असेल तर हा बदल सहज होत नाही, म्हणून एखाद्या भांड्यात ओढ लागणारही नाही. घरातली चार-पाच भांडी तपासा, आणि मुलांना सोबत घ्या.